यान्बूच्या कॅम्पातलं जपानी नाटक

पुण्यात असताना मी जपानी भाषा शिकले. तेव्हा वाटलं होतं, एखाद्या कंपनीत भाषांतराची नोकरी मिळेल आणि कधीतरी जपान बघायला मिळेल. प्रत्यक्षात लग्नानंतर नवऱ्याबरोबर सौदीतल्या यान्बूला आले. तो रिफायनरीत मेंटेनन्सला. पहिली काही वर्षं मी घरीच होते. मग शेजारी एका नव्या प्लांटचं काम निघालं, त्याचा ठेका एका जपानी कंपनीकडे होता, आणि त्यांना दुभाषी हवी होती. आजवर जपान बघितलेलं नाही, पण जपानी माणसांबरोबर तांबड्या समुद्राच्या काठी, पत्र्याच्या केबिनमध्ये बसून मी जितकी जपानी बोलले तितकी पुण्यातल्या माझ्या वर्गातल्या कुणी क्वचितच बोललं असेल.

माझं काम होतं वेल्डिंग तपासणाऱ्या एका वयस्कर इन्स्पेक्टरबरोबर. निवृत्तीला आलेले, बारीक चणीचे, हेल्मेट काढलं की कपाळावर लाल वळ दिसायचा. त्यांची तांत्रिक भाषा मला सुरुवातीला झेपायची नाही. ते न कंटाळता चित्रं काढून समजवायचे, म्हणून मी त्यांना ‘सेन्सेई’ म्हणायला लागले, म्हणजे गुरुजी. त्यांनी दोनदा नको म्हटलं आणि मग सोडून दिलं.

दुपारच्या सुट्टीत बाहेर उभं राहवत नसे. सगळे जेवून खुर्चीतच डुलक्या घेत. सेन्सेई मात्र लॅपटॉप उघडून काहीतरी बघत बसायचे. आवाज अगदी बारीक, पण मधूनच लाकडावर लाकूड आपटल्याचा खट्‌ खट्‌ असा आवाज यायचा आणि कुणीतरी लांबलचक सुरात ओरडायचं. एक दिवस मी विचारलं.

“काबुकी,” ते म्हणाले, म्हणजे जपानचं जुन्या वळणाचं नाटक. “बघायचंय?”

मी खुर्ची ओढून बसले. रंगमंचावर पांढऱ्या चेहऱ्याची एक बाई गवताच्या वहाणा विणत होती. नुसती विणत होती. किती तरी वेळ दुसरं काही घडतच नव्हतं, तरी नजर हलत नव्हती.

सेन्सेईंनी गोष्ट सांगितली. समुद्राकाठी एक गाव. नवरा लांबच्या बेटावर खाणीत कामाला गेलेला. बायको दरवर्षी त्याच्यासाठी एक नवा वहाणांचा जोड विणते आणि दाराशी टांगून ठेवते, का तर परतीची वाट मोठी आहे, त्याच्या पायातल्या झिजल्या असतील. या गोष्टीवरचं मूळ नाटक फार जुनं, कित्येक शतकांपूर्वीचं, मुखवटे घालून करायचं. त्यात नवरा येतच नाही. एक प्रवासी भिक्षू पडक्या घरापाशी थांबतो, तिथे त्याला त्या बाईचं भूत भेटतं, ती आपली हकिगत सांगते, नाचते, तो प्रार्थना करतो आणि ती सुटते.

“आणि हे?” मी पडद्याकडे बोट केलं.

“हे आत्ताचं. त्याच गोष्टीवर एका नव्या लेखकानं काबुकी रचलं. यात बाई जिवंत आहे आणि नवरा परत येतो.”

शेवट बघायला आम्हाला बऱ्याच दुपारी लागल्या, कारण मध्येच कुणीतरी दारात येऊन ‘यल्ला, यल्ला’ करायचं आणि सेन्सेई हेल्मेट चढवून निघायचे. शेवटच्या प्रवेशात नवरा प्रेक्षकांमधून जाणाऱ्या लाकडी वाटेवरून चालत येतो, म्हातारा झालेला, आणि बंद दारासमोर बसतो. आतून ती बोलते, बाहेरून तो. मग दार हातभर सरकतं, आतून एक हात येतो आणि नव्या वहाणांचा जोड त्याच्यासमोर ठेवतो. लाकडावर लाकूड आपटायचे ते ठोकळे वाजतात. पडदा.

“संपलं?” मी विचारलं.

“संपलं.”

“पण म्हणजे काय? ती त्याला जा म्हणतेय की ये?”

सेन्सेई हसले. मग लॅपटॉप मिटून म्हणाले, “हे मी बायकोबरोबर थिएटरात पाहिलं होतं. घरी पोचेपर्यंत आमचं ट्रेनमध्ये याच्यावरून भांडण झालं. ती म्हणाली, वहाणा घालून माणूस घरात येतो का? जायला सांगितलंय त्याला. मी म्हणालो, इतकी वर्षं ज्या त्याच्यासाठी विणल्या त्या त्याला दिल्या, याचा अर्थ तिनं त्याला माफ केलं. ते आमचं भांडण कधी मिटलं नाही. आता ती नाही.”

त्यांचं आयुष्य असंच बाहेर गेलेलं होतं. इंडोनेशिया, कतार, इथे.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन ठरत होतं. मंडळ कसलं, कंपाउंडमधली आम्ही मोजकी कुटुंबं आणि कॅम्पात राहणारे कोकण, सातारा, कोल्हापूरकडचे फिटर, वेल्डर, स्कॅफोल्डर. दरवर्षी कॅम्पाच्या रिक्रिएशन हॉलमध्ये जमायचं, अंताक्षरी, लहान मुलांचे नाच, बिर्याणी, खलास. त्या वर्षी मी बोलून गेले की नाटक करू या. आणि मी जपानी नाटकाची गोष्ट सांगितली. माझा नवरा माझ्याकडे बघत राहिला. पण कोपऱ्यात बसलेला एक पाइप फिटर पुढे सरकला.

तो कुडाळच्या बाजूचा. पन्नाशीला टेकलेला, भरघोस मिशीचा, कमी बोलणारा. त्याला सगळे दादा म्हणत. त्यानं विचारलं, “वयनी, ता जपानी नाटक दाखवशात?”

पुढच्या शुक्रवारी सेन्सेई लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आले. दादा आला, आणि त्याच्याबरोबर रत्नागिरीकडचा, परांच्या बांधणारा एक स्कॅफोल्डर, ज्याला आम्ही भाई म्हणायचो. तो हौशी. लग्नाकार्यात नकला करणारा. माझी मुलगी हॉलमध्ये होमवर्क करत होती, ती इंग्रजीत म्हणाली की किती स्लो आहे हे, आणि आत निघून गेली. दादाला स्लो वाटलं नाही. तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होता.

“ह्यो पुरुष असा मां?” त्यानं त्या बाईकडे बोट केलं.

मी सेन्सेईंना विचारलं. हो, काबुकीत बायकांची कामं पुरुषच करतात.

दादा मागे रेलून बसला. “आमच्याकडे पण तसाच. दशावतारात.” आणि मग जरा थांबून, “मी करी होतंय. स्त्री पार्टी.”

भाईनं त्याच्या मिशीकडे बघितलं आणि खो-खो हसला. दादाही हसला. लग्नाआधी काही वर्षं तो गावोगावच्या जत्रांत सोंगं करायचा. लुगडं नेसून रात्र काढायची आणि सकाळी चालत घरी. मग सौदीचा व्हिसा आला आणि ते सुटलं. इथे कुणाला त्यानं हे सांगितलं नव्हतं. वेल्डरांच्या तोंडी सापडायला नको म्हणून.

मी हे सगळं जपानीत सांगितल्यावर सेन्सेई उठून उभे राहिले आणि दादासमोर कमरेत वाकले. दादा गोंधळला. त्यानंही उठून हात जोडले. त्यानंतर या दोघांचं एक विचित्र संभाषण सुरू झालं, ज्यात माझी गरज फारशी नव्हती. सेन्सेई मान तिरकी करून दाखवायचे, काबुकीत बाई लाजते ती अशी. दादा सोफ्यावरून उठायचा आणि नसलेला पदर ओढून दाखवायचा, आमच्याकडे अशी.

बाईचं काम दादानं करावं हे उघडच होतं, पण तो आधी तयार नव्हता. “ह्या वयात? कॅम्पात रवूचा हा माका.” भाईनं त्याला समजावलं. म्हणाला, तू बाई झालास तर मी नवरा होतो, हसायचं तर दोघांना हसतील. कितीतरी दिवसांनी एका शुक्रवारी दादा आला तो मिशी काढून. त्याचा वरचा ओठ उन्हानं न रापलेला, गोरा दिसत होता.

मी संवाद लिहून आणले होते. दादानं कागद घेतला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“तसा नाय, वयनी. माका गोष्ट सांगा. बोलूचा काय ता मी बघतंय.”

दशावतारात संहिता नसते, कथा ठरलेली आणि बोलणं ज्याचं त्याचं, हे मला ऐकून माहीत होतं. तरी जरा वाईट वाटलं, कारण मी त्या संवादांवर मेहनत घेतली होती. पण त्यानं बोलायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की माझी बाई पुस्तकात बोलते तशी बोलत होती. त्याची बाई वहाणा विणता विणता शेजारणीशी भांडत होती, गाभण म्हशीची काळजी करत होती, आणि मधूनच समुद्राकडे बघून एकदम गप्प होत होती.

वहाणांसाठी कंपाउंडमधल्या खजुरांच्या गळलेल्या झावळ्या घेतल्या. गावी माडाच्या झावळ्यांचे झाप विणायची सवय असलेले हात, दादानं बोलता बोलता एकेक जोड तयार केला. सेन्सेईंनी दोन लाकडी फळ्या तासून ठोकळे बनवले. पडद्याचं आणि ठोकळ्यांचं काम ते स्वतः करणार होते.

अडलं ते शेवटापाशी. भाई दाराबाहेर बसला, दार म्हणजे आमच्या घरातला कपडे वाळवायचा स्टँड आणि त्यावर चादर. दादानं चादरीआडून वहाणा पुढे ठेवल्या आणि थांबला.

“ती वहाणा देता म्हणजे काय? जा म्हणता की ये म्हणता?”

“ते प्रेक्षकांनी ठरवायचं,” मी म्हणाले.

“प्रेक्षक ठरवतीत. पण माका कळूक व्हया मां? माझो हात कसो जातलो?”

भाई म्हणाला, “ये म्हणते. सरळ आहे. माणूस परत आलाय, आणखी काय पाहिजे?”

माझा नवरा आतापर्यंत पेपर वाचत बसला होता, तो म्हणाला, “इतक्या वर्षांत एक निरोप नाही पाठवला त्यानं. मी असतो तर दार उघडलं नसतं.”

“तुम्ही बाई असतात तर,” भाई म्हणाला.

“हो, तेच.”

सेन्सेईंना मी काय चाललंय ते सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या ट्रेनमध्ये हेच चाललं होतं.” त्या दिवशी तालीम तिथेच थांबली.

पुढच्या शुक्रवारी दादा लवकर आला, भाईच्या आधी. मी चहा ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, “वयनी, मी घरात फोन केलंय.”

“सगळं ठीक ना?”

“ठीक. मी तिका इचारलंय. म्हटलंय, इतक्या वर्सांनी घोव दारात येवन उभो रवलो, तर तू काय करशीत?”

“मग?”

“मगे म्हणता, तुमका ताप-बीप इलो काय?” तो हसला. “मी नाटकाचा सांगलंय. सगळा सांगलंय, पयल्यापासून. तिना ऐकल्यान. आणि मगे म्हणाली, पयला पायार पाणी. मी ओतूचंय नाय. कळशी ठेवीन भायर. पाय धुवन आपणच येवंदे भितर. काय ता बोलूचा हा, ता घरात बसान बोलूचा. दारात उभ्यान नाय.”

चहा उतू गेला तेव्हा माझं लक्ष गेलं. मी गॅस बंद केला. दादा अजून तिथेच उभा होता.

“इतकी वर्सा फोन करतंय,” तो म्हणाला. “जेवलंस काय, पाऊस पडलो काय, झिलाचो अभ्यास कसो हा. असा कायच कधी इचारूक नाय. काल फोन ठेवूकच होयना. ती आपणच बोलत रवली.”

चहाचा कप घेऊन तो हॉलमध्ये जाऊन बसला, आणि भाई आल्यावर म्हणाला, “शेवट गावलो.”

संमेलनाच्या दिवशी हॉल भरला होता. टेबल टेनिसची टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. पुढे लहान मुलं, मग बायका, मागे कॅम्पातली सगळी माणसं, काही मल्याळी आणि नेपाळी मित्रही. दादा माझं हिरवं लुगडं नेसून आला तेव्हा मागून शिट्ट्या झाल्याच. कुणीतरी काहीतरी बोललं आणि हशा पिकला. दादानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तो बसला आणि झावळीच्या पाती हातात घेतल्या. सेन्सेईंनी ठोकळे वाजवले.

शिट्ट्या नक्की कधी थांबल्या ते मला आठवत नाही. मी बाजूला उभी राहून आधी गर्दीकडेच बघत होते, आणि मग माझ्याही नकळत नाटक बघायला लागले. तो दादा आहे हे मी विसरले असं म्हणणार नाही. त्याचे फिटरचे जाड, कापलेले हात सारखे दिसत होते. पण त्या हातांमुळेच ती बाई खरी वाटत होती, आयुष्यभर काम केलेली.

भाई प्रेक्षकांमधून चालत आला. त्यानं साइटवरचे जुने फाटके सेफ्टी शूज हातात घेतले होते आणि पाय अनवाणी होते. ही त्याची स्वतःची कल्पना, तालमीत कधीच नव्हती. त्याला बघून मागचे लोक बाजूला सरकले, वाट झाली. तो दारासमोर बसला आणि एवढंच म्हणाला, “मी आलो.”

मग चादर बाजूला झाली. दादा बाहेर आला, डोकीवरचा पदर सारखा केला, पाण्यानं भरलेली कळशी पायरीवर ठेवली. नवऱ्याकडे बघितलं नाही. आत गेला. चादर मात्र उघडीच ठेवली. भाई कळशीकडे बघत बसला. मग त्यानं ती उचलली आणि आपल्या हातानं आपल्या पायांवर पाणी ओतलं, हळूहळू, कळशी रिकामी होईपर्यंत. पाणी हॉलच्या फरशीवरून पुढच्या मुलांपर्यंत गेलं आणि मुलं पाय वर घेऊन बसली. ठोकळे वाजायला जरा उशीर झाला. नंतर कळलं, सेन्सेई वाजवायचंच विसरले होते.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आमच्या समोरची ती गर्दी, दोन-दोन वर्षांनी घरी जाणारी माणसं, कुणी फोन वर धरून शूटिंग करत होतं, कुणी नुसतं उभं होतं. दादा लुगड्यातच पुढे आला. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“शेवट माझो नाय,” तो म्हणाला. “माझ्या घरकारणीचो.”

एवढं बोलून तो आत गेला आणि कपडे बदलून थेट बिर्याणीच्या रांगेत उभा राहिला. त्या दिवशी कॅम्पात त्याला कुणी चिडवलं नाही असं नाही. चिडवलं. पण दुसऱ्या दिवशी एक नेपाळी वेल्डर त्याला विचारत आला की बायको असं खरंच म्हणाली का, आणि मग त्यानंही म्हणे काठमांडूला फोन लावला.

मी सेन्सेईंना घरी सोडायला जाताना गाडीत विचारलं, कसं वाटलं.

ते बाहेर बघत होते. “छान,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “माझ्या बायकोला आवडलं नसतं. तिला तो निघून जायलाच हवा होता.” आणि हसले, अगदी मनापासून.

प्लांट पुरा झाला आणि माणसं पांगली. सेन्सेई निवृत्त होऊन जपानला गेले. दादा सुट्टीवर गावी गेला, परत आला, आणि मग वर्षभरानं कायमचाच गेला. तिथे एका दशावतारी कंपनीत तो पुन्हा जायला लागला आहे, आता म्हाताऱ्या बायकांच्या भूमिका करतो असं कळलं. भाई सौदीच्या दुसऱ्या टोकाला, रास तनुराला, नवीन कामावर लागला.

परवा भाईचा फोन आला. तिथल्या कोकणी मंडळींनी आमचं नाटक बसवलं आहे, बाईचं काम मेसमधला एक आचारी करतो. मी विचारलं, कळशी कुठून आणली?

“कळशी नाही, मॅडम,” तो म्हणाला. “शेवट बदलला. इथल्या एकाच्या बायकोनं सांगितलं, नवरा येतो तेव्हा ती घरी नसतेच. बचत गटाच्या मीटिंगला गेलेली असते. शेजारीण सांगते, बसा, येईल.”

“आणि मग?”

“मग तो बसतो.”

मला हसू आवरेना. फोन ठेवल्यावर मी लगेच सेन्सेईंना मेसेज लिहिला, बचत गट जपानीत कसा सांगायचा याच्यात बराच वेळ गेला. त्यांचं उत्तर सकाळी आलं. त्यात एकच प्रश्न होता: तो किती वेळ बसतो?

भाईला विचारून कळवते, असं मी त्यांना सांगितलं आहे.